उलट्या मोजणीचा हंगाम

गाण्याविषयी लिहायचं तर निदान षड्ज कुठे लागला एवढं तरी कळायला हवं. मला ते कळत नाही. मी अमरावतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेबाहेर सलग चार पानं लिहिण्याची मला सवय नाही. ज्यांना गाणं कळतं आणि ज्यांना लिहिणं कळतं, त्या दोघांच्याही ओट्यावर न विचारता येऊन बसल्यासारखं वाटतं आहे. रागावू नका. लिहिल्याशिवाय हे माझ्यातून जाणार नाही असं वाटलं, म्हणून लिहितो.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारी, संत्री आली आहेत. वरूडकडून येणाऱ्या एसटीत कुणी एकानं फळ सोललं की ड्रायव्हरच्या जाळीपासून मागच्या सीटपर्यंत वास जातो. सालीवर नख लावलं की बारीक तुषार उडतो आणि डोळा चुरचुरतो. मागच्या वर्षीपर्यंत या वासानं मला घर आठवायचं. आता जीव खालीवर होतो. पुस्तक उघडावं तर तेच पान समोर, मिटावं तर चैन नाही. खिडकीपाशी जातो, परत येतो. खोलीतला सोबती म्हणतो, "काय पिंजऱ्यातल्या वाघावानी करून रायला बे? बस ना एका जागी." त्याला काय सांगू? बसलो की मागच्या वर्षीची अकोल्याची दुपार आठवते.

मागच्या वर्षी याच दिवसांत नीरजाताई आमच्या कॉलेजात आल्या होत्या. त्या मूळच्या अकोल्याच्या, वकिलांची मुलगी. लहानपणापासून ख्याल शिकलेल्या. पण पुढे व्हायोलिन, चेलो, सिंथेसायझर असं सगळं सोबत घेऊन गाऊ लागल्या. जुन्या गाणाऱ्यांना ते आवडत नाही म्हणे, आणि नव्यांना त्यातला आलाप लांब वाटतो. हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं. त्या अंतराळावर एक अल्बम करत होत्या. नऊ गाणी. पृथ्वीवरून निघायचं, चंद्र, शनीची कडी, पार पुढचा अंधार, आणि परत. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांशी त्यांना बोलायचं होतं, म्हणून आम्हा मुलांनाही सभागृहात बसवलं होतं.

त्या म्हणाल्या, "पहिलं गाणं यान सुटण्याचं आहे. दहा, नऊ, आठ... अशी उलटी मोजणी हवी. पण मला ती इंग्रजीत नको आणि बातम्यांतल्या आवाजातही नको. मी अकोल्याहून निघणार आहे. लहान होते तेव्हा बाबा मला संत्र्याच्या बाजारात घेऊन जायचे. तिथे माणसं मोठ्यानं फळं मोजायची. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आहे का कुणी असं मोजणारं?"

वर्गात मी कधी हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी करत नाही. त्या दिवशी हात माझ्या आधी वर गेला.

माझे वडील शेंदूरजनाघाटच्या बाजारात संत्री मोजतात. आमची दोन एकरांत वांगी आणि मेथी असते, आणि संत्र्याच्या हंगामात बाबा बाजारात. दोन्ही हातांत मिळून पाच फळं उचलायची, पलीकडे सोडायची, आणि प्रत्येक उचलीला एक आकडा मोठ्यानं म्हणायचा. वीस उचली झाल्या की शंभर. हात थांबत नाहीत आणि आवाजही थांबत नाही. तो साऱ्या बाजारावरून जातो. पहिल्या उचलीला मात्र 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. हे कुणी कुणाला शिकवत नाही. माल मोजायला घेतला की तोंडातून पहिला शब्द लाभ निघाला पाहिजे, एवढंच.

आता बहुतेक ठिकाणी वजनकाटा आला आहे. अजून मोजून घेणारे दोन-तीनच व्यापारी उरले आहेत.

मी बाबांना सांगायला गेलो तेव्हा ते ढिगापाशी उकिडवे बसून डागी फळं वेगळी काढत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उलटं?"

"हो बाबा. दहापासून खाली."

"कायले?"

"यान सुटायला किती वेळ उरला ते कळावं म्हणून."

"उरलेलं मोजू नाई लेका. उलटं मोजलं का माल घटते."

बाजूचा हमाल म्हणाला, "भाऊ, जाऊन या ना. तुमचा आवाज चंद्रावर जाईन."

"तिथं हवा नाई म्हनते हा माहा पोट्टा. मंग आयकनार कोन?" बाबा माझ्याकडे पाहून बोलले. मी काहीतरी सांगू लागलो की गाणं इथंच वाजणार आहे, तिथे नाही. त्यांचं लक्ष नव्हतं. एक फळ त्यांनी हातात फिरवलं, ढिगावर ठेवलं आणि विचारलं, "बाईले खरंच याद हाये, इतक्या वर्साची?"

"हो म्हणाल्या."

"मंग चाल. आता काटा आला. माहा आवाज तसाई कोन आयकते?"

अकोल्याला जाताना बसनं मूर्तिजापूर ओलांडल्यावर बाबांनी मला हळूच सांगितलं, "म्या इचार केला. उलटं मोजतो, पन शेवटी लाभावर नेऊन सोडतो. लाभावर सोडलं का मंग काई बाधत नाई. तिच्या गान्यालेई नाई आन आपल्यालेई नाई." मी हो म्हटलं. खिडकीबाहेर तुरी पिवळ्या झाल्या होत्या. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि प्रवासभर त्याच्या बाह्या ते सारख्या खाली ओढत होते. मला ते पाहवत नव्हतं. कशामुळे ते तेव्हा कळलं नाही.

नीरजाताईंचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घरावरची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर दुहेरी पडदा. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. अकोल्यात नोव्हेंबरातही दुपारी घाम येतो. रेकॉर्डिंग करणारा मुलगा पुण्याहून आला होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. स्वभावानं चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. त्यानं बाबांना खुर्चीवर बसवलं, तोंडापुढे माइक ठेवला आणि म्हणाला, "काका, करा सुरू."

बाबांचा आवाज निघेना. निघाला तो दवाखान्यात नाव सांगताना निघतो तसा. दोन्ही हात मांडीवर नुसते उघडमीट करत होते. नीरजाताई ते हात पाहत होत्या. त्या उठल्या आणि घरातल्या कुणालातरी बाजारात पाठवून टोपलीभर फळं मागवली.

बाबांनी एक उचललं, वास घेतला. "बाई, हे संत्रं नोहे. हे किन्नू हाये. पंजाबकडचं."

"चालेल का, काका?"

"चालते. पाव्हना हाये, पन चालते."

सगळे हसले. बाबा खुर्चीवरून उतरून खाली उकिडवे बसले, टोपली पुढ्यात ओढली, आणि मग त्यांचा बाजारातला आवाज त्या गाद्या ठोकलेल्या खोलीत आला. दहा. धप्प. नऊ. धप्प. पाच-पाच फळं एका ढिगातून दुसरीकडे जात होती आणि आकडा खाली येत होता. नीरजाताईंनी डोळे मिटले होते. तीन. दोन. मग बाबांनी शेवटची फळं सोडली आणि मान वर करून लांब ओढून म्हटलं, "लाऽऽभ!"

त्या मुलानं कानावरचं काढलं. "शेवटी काय म्हणाले? 'एक' हवंय ना?"

पुन्हा घेतलं. पुन्हा लाभ. तिसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदाही लाभ, आणि आधीहून मोठ्यानं. नीरजाताई म्हणाल्या, "काका, खाली जाऊन चहा घ्या जरा." बाबा जिना उतरले. नीरजाताईंच्या आईंचा आवाज खालून येत होता, बाबांचाही. संत्री आणि किन्नूतला फरक चालला होता.

मग नीरजाताई माझ्याकडे वळल्या. "लाभ म्हणजे काय रे? तुमच्याकडे काही पद्धत आहे का तशी? असली तर सांग. आपण तसंच ठेवू."

त्यांनी सरळ विचारलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण तो पुण्याचा मुलगा माझ्याकडे पाहत होता, भिंतीवर नीरजाताईंच्या परदेशातल्या कार्यक्रमांचे फोटो होते, आणि जमिनीवर बाबांनी रचलेला किन्नूंचा ढीग. मला वाटलं, पद्धत म्हटली की पुढे विचारतील, पुढचं सांगावं लागेल. उलटं मोजलं की माल घटतो, हे. आणि मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी.

मी म्हटलं, "नाही ताई. सवयीनं तोंडातून गेलं. चुकून."

"मग परत घ्यायचं का त्यांच्याकडून?"

"ते आता दमलेत."

तो मुलगा म्हणाला, "तूच म्हण ना 'एक'. बापलेकाचा आवाज जुळेल. दोनच्या पुढे जोडून टाकतो, कुणाला कळणार नाही."

मी माइकपुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "एक." एकदाच. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. "वा, स्वच्छ," तो म्हणाला. खाली बाबा म्हणत होते, "...साल ढिली असली का समजून घ्या वैनी, ते आमचं."

तो 'स्वच्छ' शब्द मी वर्षभर बाळगतो आहे.

परत येताना बाबा मोकळे झाले होते. गावात गेल्यावर त्यांनी कुणाकुणाला सांगितलं याला गणती नाही. घरी फोन केला की आई म्हणायची, "तुहे बाबा साऱ्याइले सांगून रायले, दहापासून मोजलं पन लाभावर नेऊन सोडलं म्हून." प्रत्येक वेळी मी विषय बदलायचो. शेवटी फोनच कमी केले. सेमिस्टर आहे, प्रॅक्टिकल आहे, म्हणायचो. प्रॅक्टिकल होतंच. पण मी प्रयोगशाळेत असलो की बाहेर जावंसं वाटायचं आणि बाहेर असलो की खोलीवर, आणि खोलीवर असलो की उठून बडनेऱ्याच्या रस्त्यानं उगाच चालत सुटायचो. एकदा परतवाड्याच्या गाडीत चढलो, कारण ती समोर उभी होती. मित्राला भेटायला जातो म्हणालो. परतवाड्याला माझा कुणीही मित्र नाही. स्टँडवर चहा घेतला आणि त्याच गाडीनं परत आलो.

फेब्रुवारीत लंबकाचा प्रयोग होता. सोपा आहे, अकरावीपासून करतो. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस झोके मोजायचे, वेळ घ्यायचा. माझं उत्तर सारखं चुकत होतं. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मोज पाहू माझ्यासमोर." मी घड्याळ सुरू केलं आणि म्हटलं, "एक." सर म्हणाले, "इथंच चुकलं. सुरू करताना एक म्हणायचं नसतं. शून्य म्हण. एक म्हटलंस तर झोके एकोणीसच भरतात."

मी शून्य म्हटलं आणि उत्तर बरोबर आलं. वहीत लिहिलं. मग हात तसाच वहीवर राहिला. म्हणजे इथेही पहिल्या मोजणीला एक म्हणत नाहीत. इथेही नव्या माणसाला ते विचित्र वाटतं, आणि कुणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. पण इथे मला लाज वाटली नाही. सरांचं शून्य मी मुकाट्यानं घेतलं. बाबांचा लाभ मात्र मी चुकीत टाकला, तोही ते खाली चहा पीत असताना. दोन्हींची कारणं वेगळी आहेत हे मला कळतं. शून्य म्हटलं नाही तर उत्तर चुकतं; लाभ म्हटलं नाही तर काय चुकतं ते कुणी सिद्ध केलेलं नाही. पण सिद्ध करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पद्धत आहे का, एवढंच विचारलं होतं. आणि पद्धत होती.

त्या दिवसापासून नीरजाताईंना कळवायचं ठरवलं. मोबाइलवर लिहायचो आणि पुसायचो. 'आदरणीय ताई' लिहिलं की पुढे अर्जासारखं वाटायचं. 'ताई, एक सांगायचं राहिलं' लिहिलं की खोटं वाटायचं. राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. मार्च गेला. परीक्षा झाली. एप्रिलच्या उन्हात गावी गेलो तर बाबा वांग्यांना पाणी देत होते. वाफ्यातून मान वर करून म्हणाले, "कवा येते थे?" मी म्हटलं, "येईल." जूनमध्ये शेवटी संदेश पाठवला. सगळं लिहिलं: लाभ म्हणजे काय, बाबा बसमध्ये काय म्हणाले होते, मी का खोटं बोललो. जमलं तर माझा 'एक' काढून टाका, तिसऱ्या वेळचा लाभ सगळ्यात चांगला आहे, असंही लिहिलं. गाण्यातलं कळत नसताना.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. जुलै, ऑगस्ट, पोळा, गणपती. वाटायचं, रागावल्या असतील. वाटायचं, आता काही बदलता येत नसेल. वाटायचं, लाभ परत घातलाही असेल आणि सांगायला वेळ नसेल. दिवसातून तीन वेळा मन या तीन ठिकाणी जाऊन यायचं.

मागच्या आठवड्यात त्यांचा संदेश आला. दोनच ओळी. "अल्बम उद्या सकाळी येतोय. बाबांना नक्की ऐकव." बाकी काही नाही. मी तो बाबांना पाठवला नाही. पण मोजणी म्हणायला बाबा अकोल्याला गेले होते, ही गोष्ट सगळ्या बाजाराला माहीत होती. कुणाच्या तरी मोबाइलवर ते येणारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बम आला आणि मी तो दुसऱ्या गाण्यापासून ऐकला. खरंच सांगतो. पहिल्या गाण्यावर बोट ठेवायचो आणि उचलायचो. दुसरं लावलं. त्यात चंद्राची मागची बाजू आहे. एक चेलो खालून चालत राहतो आणि नीरजाताई एकाच स्वराभोवती इतक्या हळू फिरतात की आपणच फिरतो आहोत असं वाटावं. शनीच्या कड्यांवर तराणा आहे, दगडगोटे एकमेकांना न आदळता पळावेत तसा. सातव्या गाण्यात एकेक वाद्य निघून जातं. मग तानपुराही जातो. नुसता त्यांचा श्वास राहतो, तो आत घेतलेला, आणि बाहेर सोडलेला ऐकू येत नाही. मी बसलो होतो तो उभा राहिलो. बाबांनी विचारलं होतं ना, तिथे ऐकणार कोण? त्या गाण्यात तोच प्रश्न आहे, असं मला वाटलं. चुकत असेन.

नववं संपलं. पहिलं तसंच राहिलं. लेक्चरला गेलो, अर्ध्यातून उठून आलो. जिन्यात बसलो. फोन वाजला. बाबांचा. मागे बाजाराचा गलका होता.

"आयकलं काय रे?"

"पहिलं सोडून बाकीचं ऐकलं."

"काहून? पयल्यातच त आपन हावो."

आपण म्हणाले.

"दहापासून दोनपर्यंत म्या हाव," ते म्हणाले. "मंग तू हाये."

"कुणी सांगितलं?"

"सांगतीन कोन? इथं कोनाले समजलं नाई. सारे म्हने भाऊचाच आवाज हाये. तुहा आवाज म्या नाई वयखनार?"

मग मी सगळं सांगितलं. जिन्यातून पोरं वर-खाली जात होती, तरी सांगितलं. ताईंनी विचारलं होतं, मी चुकून निघालं म्हणालो, तुम्ही खाली चहा पीत होता. पलीकडे कुणीतरी गाडीवाल्याला शिवी घातली.

"लाज वाटली काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हंऽ." कुणाला तरी त्यांनी ढीग बाजूला घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, "त्या मशीनपुढं मलेई वाटली होती. जाऊ दे. पन बिगर लाभाचं सोडलं त्याहीनं थे, हे काई बरं नाई झालं. बाईचं इतकं मोठं काम."

"आता काही करता येत नाही बाबा."

"येत कसं नाई? म्या केलं ना. पोट्ट्याइनं तीनदा लावलं. तीनई वेळा, दोन झालं का तुह्या एकाच्या आंधी म्या इथूनच लाभ म्हनून देल्लं, साऱ्या बजाराले आयकू जाईन असं. आता काई फिकर नाई म्हनावं तिले. सांगजो."